तीन फुटांवरचं सॉरी

चोर आहात तुम्ही. याला दुसरा शब्द नाही. टेलरमास्तरच्या दारातल्या तीन दगडी पायऱ्या तुम्ही भर दुपारी यंत्र लावून उखडल्यात, ट्रकमध्ये घालून नेल्यात, आणि बदल्यात त्याला एक शब्द दिलात. सॉरी. चोर घर फोडतो तेव्हा निदान गप्प तरी बसतो. तुम्ही चोरीही केलीत आणि वर तोंडाला पानंही पुसलीत. तेव्हा आता खुर्चीत नीट बसा आणि काय झालं ते पहिल्यापासून ऐका. मध्ये बोलू नका. तुमच्या बोलण्यापायीच हे सगळं झालं.

गल्ली साधी. या बाजूला बारा घरं, त्या बाजूला बारा. मधून रस्ता, एक मोटार जाईल आणि दुसरी शिव्या देत थांबेल एवढा. मोठा पाइप टाकायचा म्हणून तुमच्या कार्यालयाने या बाजूचा रस्ता खणला. खणताना बाराही दारांच्या पायऱ्या मध्ये आल्या, त्या काढल्या. पाइप टाकला, खड्डा बुजवला, आणि बुजवताना रस्ता होता त्यापेक्षा फूटभर खाली गेला. आधीच जोती दोन फूट उंच. संध्याकाळी माणसं कामावरून परतली तर आपापले उंबरे कमरेला लागतायत.

पायऱ्या कधी, असं विचारल्यावर मुकादम म्हणाला, आठवड्यात. तो आठवडा अकरा महिने चालला.

माणूस मोठा निगरगट्ट प्राणी. सवय करून घेतो. बँकेतला कॅशियर रोज सकाळी आधी बॅग खाली टाकायचा आणि मग डोळे मिटून स्वतःला. शाळेच्या बाई दोरी बांधलेली बादली पालथी सोडायच्या, तिच्यावर पाय देऊन उतरायच्या आणि आतून त्यांचा नवरा बादली वर ओढून घ्यायचा, कारण रस्त्यावर ठेवली तर जप्त. टेलरमास्तरने तर धंद्याचीच पद्धत बदलली. तो उंबऱ्यावर पोटावर आडवा व्हायचा आणि टेप खाली सोडायचा. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून टेपचं टोक आपल्याच घोट्याशी धरायचं. पॅन्टची मापं त्यातल्या त्यात बरी यायची. शर्टाची घाण व्हायची. माणूस मान वर करून उभा राहिला की गळा अर्ध्या इंचाने फसतो. त्या वर्षी मास्तरने शिवलेला प्रत्येक शर्ट वर बघणाऱ्या माणसाच्या मापाचा निघाला. घालून सरळ समोर पाहिलं की कॉलर फाकायची.

पण मास्तरला कॉलरची काळजी नव्हती. काळजी होती आईची.

आई चौऱ्याहत्तरची. खुब्याचं हाड मोडून जोडलेलं. कठडा धरून पायरी पायरीने उतरायची-चढायची, तीन फूट खाली उडी मारायची नाही. ती अकरा महिने घराबाहेर पडली नव्हती. एकदा मास्तर आणि कॅशियर तिला खुर्चीत बसवून खाली घ्यायला गेले, तर अर्ध्यावर कॅशियरचा हात सुटला आणि आई रस्त्याला साष्टांग भेटता भेटता राहिली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. मी माणूस आहे, पोतं नाही, म्हणाली. मास्तरने सुताराकडून तीन लाकडी पायऱ्या करून आणल्या. दोन दिवसांत गाडी आली. रस्ता सार्वजनिक, त्यावर खासगी पायरी म्हणजे अतिक्रमण. पंचनामा झाला आणि लाकूड गेलं. आधीच्या दगडी पायऱ्या साठ वर्षं त्याच जागेवर होत्या, हे मास्तर सांगायला गेला. त्या आता नाहीत, तेव्हा त्यांचा प्रश्न येत नाही, असं त्याला कळवण्यात आलं. आतून जोतं फोडून पायऱ्या काढायच्या, तर त्यालाही परवानगी, आणि परवानगी देणारा माणूस पाइपच्या कामावर गेलेला.

आईला बाहेर जायचं होतं ते हवा खायला नव्हे. तिला समोरच्या घरात जायचं होतं. फक्त सोळा पावलं. समोरच्या घरात तिची थोरली बहीण राहायची, म्हणजे मास्तरची मावशी. वय एकोणऐंशी, कान पार गेलेले.

पायऱ्या उखडल्या त्याच्या आदल्या दिवशी दोघींचं भांडण झालं होतं. बटणांच्या डब्यावरून. मावशीने जुन्या कोटांची बटणं जमवून ठेवलेला एक पत्र्याचा डबा होता. आई म्हणायची तो आपला, मावशी म्हणायची आपला. शब्दाने शब्द वाढला आणि आईच्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या जिभेपायीच तुझा नवरा लवकर सुटला. मावशी एवढं मात्र बरोब्बर ऐकू शकली. उठली, सोळा पावलं चालली आणि आपल्या घरी गेली. डबा इथेच राहिला.

त्या दिवशी आईला वाटलं, उद्या दुपारी जाऊ आणि पाय धरू. दुपारी पायऱ्याच नव्हत्या.

खिडकीतून ओरडून सांग की, असं सून म्हणाली. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की सुनेने सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला. एक तर ओरडून त्या कानांपर्यंत काही पोचत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, आईच्या हिशेबाने माफी लांबून द्यायची वस्तूच नव्हती. टाकून बोलायला लांबून चालतं. माफी मागायची तर आपले पाय झिजवायचे, त्या दारात उभं राहायचं, आणि समोरच्याने ये म्हटलं तर आत जायचं. चिठ्ठीही तिने लिहू दिली नाही. कागदाला लाज वाटत नाही, म्हणाली.

अशातच बातमी आली, की मावशीची मुलगी येत्या गुरुवारी येणार आणि मावशीला कायमची आपल्या गावी घेऊन जाणार. लांबचं गाव. परत येणं नाही.

मास्तर कार्यालयात गेला आणि पुन्हा अर्ज टाकला. आता तुमचं कर्तृत्व येतं बघा.

तोवर तुमच्याकडे अर्जांचा ढीग झाला होता. पायरी बांधायची तर दगड लागतो, सिमेंट लागतं, गवंडी लागतो. सॉरी म्हणायला तोंड लागतं, आणि तोंडं कार्यालयात भरपूर होती. तेव्हा महिन्याभरापूर्वीच वरून हुकूम सुटला होता: प्रत्येक तक्रारदाराला घरी जाऊन सॉरी द्यावं. त्यासाठी वेगळा विभाग उघडला. ऐंशी पानांची पुस्तिका छापली. तिच्यात सॉरीचे सगळे उपयोग दिले होते. धक्का लागल्यावरचं सॉरी. ऐकू न आल्यावरचं, जे प्रश्नासारखं म्हणायचं. कुणी गेल्याचं कळल्यावरचं, जे हळू म्हणायचं. पुढे घुसण्याआधीचं. अपमान करण्याआधीचं, ज्याला मागे ‘हं’ जोडायचा. नाही म्हणायचं असतं पण नाही म्हणायची हिंमत नसते तेव्हाचं. प्रत्येकापुढे मान किती वाकवायची त्याची चित्रं.

या आणि आसपासच्या गल्ल्यांसाठी एक कारकून नेमला. लोक त्याला सॉरीवाला म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता. नोकरी वाईट होती. दिवसाला चाळीस सॉरी द्यायची म्हणजे तोंडाची चाळण होते. घरी बायकोने मीठ मागितलं तरी तो मान वाकवून सॉरी म्हणायचा, आणि मग मीठ द्यायचा.

त्याच्याकडे एक छापील तक्ता असे. तीन रकाने. तक्रार. सॉरी दिल्याची वेळ. तक्रारदाराचं उत्तर. तिसऱ्या रकान्यात उत्तर पडलं की फाइल बंद.

आता आपल्याकडची खोड तुम्हाला ठाऊक. कुणी सॉरी म्हटलं की आपलं तोंड आपल्याला न विचारता म्हणतं, असू दे. पायावरून गाडी गेली तरी असू दे. सॉरीवाला पहिल्याच सकाळी गल्लीतून फिरला. कॅशियर उडी मारून धूळ झटकत होता, तो म्हणाला, असू दे असू दे, उशीर होतोय. बाई बादलीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, असू दे. या बाजूच्या अकरा घरांनी दुपारपर्यंत असू दे म्हटलं आणि अकरा फाइली बंद झाल्या. त्यांच्या पायऱ्या आता या जन्मी नाहीत. दगडावर नाही, माणुसकीवर डोकं आपटून घेतलं त्यांनी.

बाराव्या दारात टेलरमास्तर उभा. गल्लीतला सगळ्यात भिडस्त माणूस. गिऱ्हाईक दिवाळखोर निघालं तरी असू दे म्हणणारा. सॉरीवाल्याने खालून मान वाकवली, सॉरी म्हणाला, आणि मास्तरचं तोंड उघडलं.

त्याची बायको मागेच काज करत बसली होती. सकाळपासून अकरा घरांचं तिने खिडकीतून पाहिलं होतं, आणि कारकून दर वेळी कागदावर काहीतरी टेकवतो हेही. ती उठली, उशीतल्या सात-आठ टाचण्या उपटल्या आणि नवऱ्याच्या ओठांत दिल्या. धंद्याची सवय. ओठांत टाचण्या आल्या की शिंपी बोलत नाही, गिळायची भीती असते. मास्तरचं ‘अ’ तिथेच अडकलं.

“त्यांना सध्या बोलता येत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही आईंशी बोला.”

आईने दारापर्यंत खुर्ची ओढून घेतली आणि वरून कारकुनाकडे पाहिलं. बाळा, तुझ्या पुस्तकात एवढी सॉरी आहेत म्हणतात, त्यातलं हे कुठलं, असं विचारलं. त्याने प्रामाणिकपणे पानं चाळली. सापडलं. त्याने वाचूनही दाखवलं: “क्रमांक सात. ज्या गोष्टीबाबत काही करायचे नाही, त्या गोष्टीबाबतचे.”

“मग ते तुझ्याकडेच राहू दे,” आई म्हणाली.

तिसरा रकाना रिकामा राहिला. कार्यालयात हलकल्लोळ. अकरा महिन्यांत पायरी न हलवणारं कार्यालय रिकाम्या रकान्याने हललं. तपासणी झाली आणि तपासणीत भलतीच चूक सापडली. पुस्तिकेचा नियम असा, की देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे डोळे एका पातळीत हवेत. मागे एका साहेबाने चालत्या गाडीच्या खिडकीतून सॉरी फेकलं होतं, त्यानंतर हा नियम आला. इथे तक्रारदार तीन फूट वर. तेव्हा दिलेलं सॉरी रद्द. फिरून द्या.

दुसऱ्या दिवशी सॉरीवाला स्टूल घेऊन आला. स्टूलवर चढला, डोळे जुळवले आणि सॉरी म्हणाला. मास्तरच्या ओठांत टाचण्या होत्याच. स्टूल डुगडुगत होतं, त्यामुळे सॉरीही डुगडुगलं. आई म्हणाली की माझ्या दारात येऊन लटकून बोलणाऱ्या माणसाचं मी काही घेत नाही. माफी मागायची तर घरात यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. आणि ती कारकुनाने मागायची नाही, ज्याने पायरी काढायला सांगितलं त्याने मागायची.

मास्तरला वाटलं, आता संपलं. वाटेल ते मागितलं की काहीच मिळत नाही. रात्रीच्या जेवणाला तो आईला तसं म्हणालाही, की आई, मला पायरी हवी आहे, साहेबाची पायधूळ नको. आई जेवत राहिली. गुरुवारला पाच दिवस उरले होते.

पण पुस्तिकेत तिचं मागणं बसत होतं. पान सत्तर: दोनदा नाकारलेले सॉरी विभागप्रमुखाने स्वतः, तक्रारदाराच्या घरात बसून द्यावे. ते पान लिहिणाऱ्याला वाटलं नव्हतं की कुणी दोनदा नाकारेल.

आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. विभागप्रमुख, म्हणजे खुद्द तुमचे साहेब, देहाने भरगच्च. दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना मास्तरच्या घरात चढवायचं कसं? बैठक बसली. तीन तास चालली. ठरलं काय? साहेबांसाठी पायऱ्या करायच्या.

हे पुन्हा ऐका. आईसाठी अकरा महिन्यांत न झालेल्या पायऱ्या, तिला सॉरी म्हणण्यासाठी दोन दिवसांत झाल्या. कार्यालयाच्या स्वतःच्या कारखान्यात. तीन पायऱ्या, वर खरखरीत रबर, दोन्ही बाजूंना कठडा, कठड्याला पॉलिश, खाली चाकं. सार्वजनिक मालमत्ता, तेव्हा अतिक्रमणही नाही. भांडारातून सही करून न्यायच्या आणि पाच वाजता भांडार बंद व्हायच्या आत परत जमा करायच्या, असा त्यांच्यावर शिक्का. तो नियम साहेबांनीच पूर्वी घातला होता. कुणीतरी एक शिडी घरी नेऊन आंबे काढले होते म्हणून.

बुधवारी दुपारी चारला साहेब आले. पुढे शिपाई पायऱ्यांचा गाडा ढकलत, मागे सॉरीवाला तक्ता घेऊन. बाकीच्या अकरा दारांत माणसं जमली, पाय खाली सोडून बसली. शिपायाने गाडा मास्तरच्या दाराला भिडवला, चाकांना अडणी लावली. साहेबांनी कठडा धरला, एक पायरी चढले, दम घेतला, दुसरी, दम घेतला, तिसरी. उंबऱ्यात येऊन त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, चांगल्या झाल्यात हो पायऱ्या.

मास्तरच्या बायकोने गिऱ्हाइकाची खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं. मास्तरला टाचण्या दिल्या. आज तर त्याला स्वतःचाच भरवसा नव्हता, त्याने दोन जास्त मागून घेतल्या.

साहेब बोलायला लागले. सराव करून आलेले. सुरुवात कुणी गेल्यावरच्या सॉरीने, मध्ये धक्का लागल्यावरचं, शेवट मान पूर्ण वाकवून. आवाज असा की दारातल्या कॅशियरचे डोळे भरून आले आणि त्याने पुन्हा एकदा असू दे म्हटलं, त्याची फाइल बंद होऊन पाच दिवस झाले होते तरी. मास्तरच्या ओठांत दहा टाचण्या थरथरत होत्या. एवढा मोठा माणूस आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आपल्या कापडाच्या चिंध्यांवर पाय ठेवून मान घालून बसलाय, आणि आपण मख्खासारखे गप्प. त्याला घाम फुटला. साहेबांनी मान वर केली आणि उत्तराची वाट बघितली. सॉरीवाल्याने पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर धरली.

आई उठली. तिने फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि काखेला मारला. काठी घेतली.

“तुम्ही बसा,” ती साहेबांना म्हणाली. “मी आलेच.”

आणि ती दारातून बाहेर पडली. उजव्या हाताने कठडा, डाव्या हातात काठी. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. अकरा महिन्यांनी तिची चप्पल रस्त्याला लागली. डब्यात बटणं खुळखुळत होती, तेवढाच काय तो आवाज. मास्तर धरायला धावला तर बायकोने त्याचा शर्ट मागून पकडला. जाऊ द्या, त्यांचं त्यांना.

सोळा पावलांची तिला तीस झाली. समोरच्या दारात मावशी बसलेलीच होती. बाजूला बांधलेली पेटी. आई तिच्या दोन पायऱ्या चढली, कारण त्या बाजूला पायऱ्या अजून आहेत, आणि दारातच थांबली. मावशीने तिच्याकडे बघितलं. मग पेटीवरची लुगड्याची घडी उचलून जागा केली. आई बसली, डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली.

मावशी म्हणाली, “काय?”

बहिऱ्या माणसाचं ‘काय’, ते गल्लीभर गेलं. आई पुन्हा वाकली. मावशीने मान हलवली, ऐकू नाही आलं. तेव्हा आईने काठी बाजूला ठेवली, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली:

“चुकले मी, ताई. नको ते बोलले.”

मावशीने डबा उघडला, आत बोट फिरवलं, बंद केला.

“पहिल्यांदाच ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “वर्ष घेतलंस, म्हटलं दोनदा म्हणू दे.”

मास्तरने उंबऱ्यातून हे पाहिलं. डोळे पुसायचे होते, पण ओठांत टाचण्या असताना डोळ्यांशी हात नेला तर काय होईल याचा नेम नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला. मागे खुर्चीत साहेब घड्याळ बघत होते. त्या कधी येतील, असं त्यांनी विचारलं. मास्तरच्या बायकोने सांगितलं की वर्षभराचं बोलायचं आहे, त्यातून एकीला ऐकू येत नाही.

पाचला दहा कमी असताना शिपायाने अडणी काढली.

साहेब ओरडले, अरे थांब. शिपाई थांबला नाही. पायऱ्या पाचच्या आत जमा, उशीर झाला तर माझी नोकरी, सही तुमचीच आहे साहेब, असं तो गाडा ढकलता ढकलता अदबीने सांगत राहिला, आणि कोपऱ्यावरून वळला. चाकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

साहेब उंबऱ्यात आले. खाली बघितलं. तीन फूट. कार्यालयाच्या कागदांत गेले अकरा महिने तीन फूट म्हणजे किरकोळ होतं. वरून बघितलं की तीन फूट वेगळे दिसतात, आणि बदललेल्या गुडघ्यांना तर फार वेगळे. आजूबाजूच्या अकरा दारांतली माणसं पाय हलवत बघत होती. कॅशियरने हात करून दाखवलं की आधी बॅग टाकायची, मग डोळे मिटायचे. बाईंनी बादली देऊ केली. साहेबांनी बादलीकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि कठडा धरायला हात पुढे केला. हात हवेत फिरून परत आला.

“मी आता उतरू कसा?” ते म्हणाले.

खाली सॉरीवाला उभा होता. त्याचा काही दोष नव्हता. वर एक माणूस अडकलेला दिसला, पायरी नाही अशी त्याची तक्रार ऐकू आली, आणि रोजच्या सवयीने त्याची मान वाकली.

“सॉरी, साहेब.”

“असू दे,” साहेब म्हणाले.

पेन्सिल आपसूक तिसऱ्या रकान्यावर टेकली. सॉरीवाल्याने लिहिलेलं वाचलं, साहेबांकडे बघितलं, पुन्हा वाचलं. पण कागद शाईचा असो की पेन्सिलचा, कार्यालयात गेलेलं परत येत नाही हे तो साहेबांकडूनच शिकला होता. त्याने तक्ता घडी करून खिशात घातला.

समोरच्या दारातून आईने हाक मारली, मी आता इथेच बरी आहे, ताईची मुलगी आली की बघू, तिकडे कोण कोण अडकलंय त्यांना जेवायला वाढ. मावशीने काय झालं म्हणून विचारलं आणि आईने कानात सांगितलं. मावशी एवढी हसली की डबा मांडीवरून घरंगळला आणि बटणं दोन पायऱ्यांवरून उड्या मारत रस्त्यावर गेली.

साहेब मागे वळले आणि मास्तरकडे पाहायला लागले. या घरात तो एकच भला माणूस दिसत होता. त्यांनी घसा साफ केला.

मास्तरने एक टाचणी ओठांतून काढली आणि उशीला टोचली. मग दुसरी. दहाही काढल्या, एकेक करून, घाई न करता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडात टाचणी नव्हती आणि ‘असू दे’ही नव्हतं. तो बायकोच्या शेजारी उभा राहिला, साहेबांच्या डोळ्यांना डोळे लावून, अगदी एका पातळीत, तुमच्याच नियमाप्रमाणे.

“साहेब, चहा करतो, जेवायला थांबा, झोपायला गादी देतो,” तो म्हणाला. “पण एक सांगा. तो एक शब्द सोडून काहीही बोला. बाराच्या बारा दारांना पायऱ्या कधी? तारीख सांगा.”